सोळावी भाजी

"बंद!"

पाठोपाठ शिट्टी. मी हातातली साडी बादलीत टाकून नळाकडं धावले आणि चावी फिरवली.

"वांग्यांची पाळी संपली. आता भेंडीचं दार उघड. सावकाश! पाट फुटेल."

दार म्हणजे तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा. परसाच्या मधोमध मामंजींनी वीतभर रुंदीचा पाट काढला होता, दोन्ही बाजूंना वाफे, आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी असा एकेक पत्रा रोवलेला. पत्रा उचलला की दार उघडलं, खाली दाबला की बंद. मनगटावर घड्याळ, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, असे माझे सासरे रोज सकाळी त्या गुंठाभर परसात उभे राहून भाजीला पाणी द्यायचे. द्यायचे म्हणजे हुकूम द्यायचे. पाणी मीच द्यायची.

"मामंजी, त्या शेवटच्या वाफ्याला कितीतरी दिवसांत पाणी नाही. आत्यांनी दोडका लावलाय तिथं. वेल बघा कसा मान टाकून बसलाय."

"टेलला पाणी पोचत नाही."

"अहो, टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोकच ना? मी नळी नेऊन धरते की! दोन पावलं तर आहेत."

"असं मधेच उठून कुणालाही पाणी देता येत नाही, पोरी. पाळी म्हणजे पाळी. आज दोडक्याला दिलं तर उद्या मिरची अर्ज घेऊन येईल."

मी कपाळाला हात लावला आणि आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, साडी पिळायला गेले.

माझे सासरे उभी हयात कालव्यावर निरीक्षक होते. दुसऱ्यांच्या उसाला, दुसऱ्यांच्या गव्हाला पाणी मोजून दिलं. स्वतःचं मात्र ढेकूळसुद्धा नाही. वाटणीच्या वेळी भावांनी गोड बोलून सांगितलं, तुला सरकारी नोकरी आहे, तुला रान कशाला? आणि मामंजी बरं म्हणून उठून आले. निवृत्त झाल्यावर कराडच्या बाहेर कॉलनीत घर बांधलं, त्याच्या मागं हे परस उरलं. तेवढीच काय ती त्यांची जमीन. तिथं ते सातबारा नावावर असल्यासारखे फिरायचे.

आता घरची भाजी म्हटलं की लोक कौतुक करतात. करणारच, त्यांना खावी लागत नाही! दुधी यायला लागला की रोज दुधी. दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीची वडी, सालीची चटणी. घरात कुणी आजारी नसताना आम्ही आजाऱ्याचं जेवण जेवायचो. भेंडी तोडायची पाळी चुकली की ती दोरीसारखी व्हायची, तरी ताटात यायची. कुणी तोंड वाकडं केलं की मामंजींचं उत्तर ठरलेलं, "घरचं आहे." वांग्यात अळी निघाली तर म्हणायचे, "घरचं आहे. बाजारच्या वांग्याला अळीसुद्धा तोंड लावत नाही, तुम्ही कसे लावता?"

त्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली होती. एका रात्री जेवताना आमच्या ह्यांनी विषय काढला. ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दिवसभर लोकांच्या जळलेल्या मोटारी भरायच्या आणि संध्याकाळी खडखड्या स्कूटरवरून घरी यायचं. चारचाकी घ्यायची हे ह्यांचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. मला बघायला आले तेव्हासुद्धा माझ्यापेक्षा आमच्या दारातल्या पाहुण्यांच्या गाडीकडंच जास्त बघत होते.

"अण्णा, गाडी बघून ठेवलीय मी," हे म्हणाले. "जुनीच आहे, पण बरी आहे. दिवाळीत आणू. परसात शेड मारतो आणि खाली कोबा करून घेतो."

मामंजींचा घास हातातच राहिला. "परसात?"

"मग कुठं? माळ्यावर ठेवू?"

"आणि बाग?"

"खाल्ली की बाग इतकी वर्षं! दुधी, दुधी आणि दुधी. सणवार आला की शेवटी पिशवी घेऊन मंडईतच पळतो ना आपण?"

हे त्यांना लागलं. मामंजींनी घास ताटात ठेवला. खोटं कशाला बोलू? शेड झाली असती तर माझे कपडे पावसाळ्यात वाळले असते, शिट्टीवर धावणं संपलं असतं. तरीही मला वाईट वाटलं.

"संपत," मामंजी म्हणाले, "यंदा गौरीच्या सोळा भाज्या ह्या परसातल्या. सगळ्या. मंडईतली काडी घरात येणार नाही."

"आणि एक कमी पडली तर?"

"तर घाल कोबा. मी स्वतः पाणी मारीन त्याच्यावर."

"आणि सोळा भरल्या तर शेडचं नाव काढणार नाही मी. शब्द."

आमच्याकडं गौरी येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो. लोक मंडईतून सोळा भाज्यांचा तयार वाटा आणतात, चिमूटचिमूट सगळं एकत्र. आमच्या आत्यांना ते चालायचं नाही. प्रत्येक भाजी वेगळी शिजली पाहिजे आणि वेगळी वाढली पाहिजे. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "मोजणार मी. गौर माझी हाय."

झालं, पैज लागली. आणि बाजारात तुरी तसं आमच्या ह्यांनी आठवड्याच्या आत सिमेंटची पोती आणून पुढच्या ओट्यावर रचली. जाता येता ती पोती मामंजींच्या नजरेला पडत. ते बघायचे नाहीत. पण परसात मी त्यांना पाहिलं, दुपारच्या उन्हात एकटे उभे राहून बोटांवर मोजत होते. शेवटच्या बोटाला अडायचे आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायचे.

गौरी आल्या. आमच्या भागात गौर म्हणजे तेरड्याची जुडी. मी कालव्याच्या काठावरून तेरडा आणला, आत्यांनी दारात पायांवर पाणी घातलं, आत आणून नवी साडी नेसवली, मुखवटा चढवला. शेजारणीनं दिलेल्या शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाला. मग दिवेलागणीला मोजदाद सुरू झाली. आत्या वाती वळत बसल्या होत्या, हे भिंतीला टेकून पाय लांब करून, आणि मामंजी समोर ताठ, वरच्या साहेबापुढं बसावं तसे.

वांगी, भेंडी, गवार, घेवडा, दुधी, काकडी, अळू, अंबाडी, मेथी, मुळा, टोमॅटो, शेवग्याचा पाला. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

"लाल भोपळा," मामंजी म्हणाले. "भोपळ्याची फुलं. भोपळ्याचा कोवळा पाला."

"अण्णा, थांबा! एका वेलाच्या तीन भाज्या?"

"कालव्यावर एका रानात दोन पिकं असली तर पाणीपट्टी दोन्हींची लागते. वेल एक असेल, पिकं तीन आहेत."

"आई!"

आत्यांनी वातीवरून नजर काढली नाही. "फळ आन् फूल धरते. पाला न्हाई."

मामंजींनी एक बोट मिटलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "केना."

हे ताडकन सरळ बसले. "केना? अहो, ते तण आहे! गेला महिनाभर तुम्हीच उपटून फेकताय."

"फेकत होतो. आता फेकत नाही."

"तुम्ही लावला का तो? बागेतली भाजी म्हणजे लावलेली भाजी. आपोआप उगवलेलं धरायचं तर मग काँग्रेस गवतसुद्धा धरा!"

आत्यांनी वात खाली ठेवली. कोपऱ्यात नव्या साडीत बसलेल्या गौरीकडं बोट केलं. "आन् ही कुणी पेरली व्हती? तुझ्या बापानं? कालव्याच्या कडंला आपसूक उगवलेला तेरडाच हाय न्हवं? हिच्यापुढं हात जोडतोस, आन् केन्याला तण म्हणतोस? केना धरला मी."

ह्यांनी पाय आखडून घेतले. मला हसू आवरेना, मी उगाच निरांजन पुसत बसले.

"पंधरा झाल्या," मामंजी म्हणाले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "आणि सोळावं कारलं. असं धरलंय यंदा की बघत राहावं. पहिल्यापासून सोळावं म्हणून तेच राखून ठेवलंय मी."

"कारलं न्हाई," आत्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गौर म्हंजी लेक, वर्सातनं एकदा माहेरी आलीया. तिच्या ताटात कडू वाढू? कारलं श्राद्धाला करत्यात."

"अगं, एवढ्या एका दिवसापुरतं..."

"न्हाई. तुमची पाळी म्हंजी पाळी, तशी माझी रीत म्हंजी रीत."

मामंजींनी आत्यांकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. हे उठून ओट्यावर गेले आणि सिमेंटच्या पोत्यावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारलेली मला आत ऐकू आली. मला एवढा राग आला! मामंजी "बरं" म्हणाले. गळ्यातली शिट्टी काढली, खुंटीला अडकवली आणि न जेवता आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत्या परसातून पदरात काहीतरी घेऊन आल्या. ओट्यावर सगळ्यांसमोर पदर सोडला. दोन दोडके! वीत वीतभर, बारके, शिरा अशा टणक की हाताला लागाव्यात.

"हे कुठले?" मामंजींनी विचारलं.

"माझे. तुमच्या टेलचे. पत्र्याच्या आड पानांत दडले व्हते. थेंबभर पाण्यावाचून आल्यात."

ह्यांनी एक उचलून देठ बघितला. मंडईतला आहे का ते बघत होते. देठाला अजून चीक होता. त्यांनी दोडका गपचूप खाली ठेवला. मामंजींनी मात्र दोन्ही दोडके दोन्ही हातांत घेतले, माझ्याकडं दिले, आणि खुंटीवरची शिट्टी काढून पुन्हा गळ्यात घातली.

मग मी आणि चूल. पुरण शिजवायचं, वाटायचं आणि सोळा भाज्या सोळा पातेल्यांत. पातेली संपली तेव्हा दोन भाज्या वाट्यांत शिजवल्या. बरं, नैवेद्याचा स्वयंपाक, चाखायची सोय नाही. देवीच्या आधी जिभेला लावायचं नाही म्हणजे नाही. मीठ हाताच्या अंदाजानं, तिखट डोळ्यांच्या अंदाजानं, बाकी गौराईच्या हवाली. दोडका सर्वांत शेवटी केला. दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं, वर खोबरं. सोळावी होती ना ती, तिचा मान मोठा.

नैवेद्य दाखवला, आरती झाली. केळीच्या पानांवर बापलेक समोरासमोर बसले. मी वाढत होते, आत्या उभ्या राहून बोट दाखवत मोजत होत्या. सोळाव्या वेळी दोडका पडला आणि आत्या म्हणाल्या, "भरल्या."

मामंजींनी पहिला घास दोडक्याचाच घेतला. तोंडात घातला आणि थबकले. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं, मामंजी?"

"काही नाही. ठसका."

"कसा झालाय?"

त्यांनी गिळलं. "झकास."

मला कसं भरून आलं. म्हातारा माणूस, जमीन वाचली, डोळे भरून यायचेच. आता हे घास घेत होते. ह्यांची जीभ म्हणजे परीक्षक. लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्याही भाजीला मीठ कमी नाहीतर जास्त, ह्याच्या मधला शेरा कधी मिळालेला नाही. ह्यांनी घास चावला. चावायचे थांबले. मान वर करून बापाकडं बघत राहिले. मामंजी खाली पानात बघून जेवत होते. मी मनात म्हटलं, आता हा माणूस सणाच्या दिवशी पानावरून उठतो की काय.

"छान झालाय दोडका," हे म्हणाले.

माझ्या हातातला डाव पडायचा राहिला. "काय म्हणालात?"

"छान झालाय म्हटलं."

"अगं बाई! मग घ्या की अजून!" आणि मी ते नको म्हणायच्या आत डावभर वाढलासुद्धा.

"वाढ, वाढ," मामंजी म्हणाले. "आवडलाय त्याला."

"अण्णांनाही वाढ," हे म्हणाले. "घरचा आहे."

मामंजींनी पानावर हात आडवा धरला होता, तो काढून घेतला. मी त्यांनाही वाढला. काय ते दोघं जेवले! पुरणपोळीचा तुकडा, दोडका, वर दुधाचा घोट, पुन्हा दोडका. तांब्यावर तांब्या पाणी. पानात एक फोड ठेवली नाही. मी आत्यांकडं असं ऐटीत बघितलं की काय सांगू! आत्या नुसत्या त्या दोघांकडं बघत होत्या.

हात धुताना हे म्हणाले, "सोळा झाल्या. शेडचा विषय संपला." एवढंच बोलून ओट्यावर गेले. मामंजींनी माझ्याकडं गुळाचा खडा मागितला.

मग आम्ही बायका बसलो. मी आधी दोडकाच घेतला. एवढं नाव झालेलं, आपणही बघावं. घास तोंडात घातला आणि टाळूपासून पोटापर्यंत आग लागल्यासारखं झालं. कडूजहर! कारलं त्याच्यापुढं साखर. एरवी कुठलीही बाई दोडका चिरताना देठाकडचा तुकडा जिभेला लावून बघते. पाण्यावाचून वाढलेला वेल असला तर हमखास बघते. मीही रोज बघते. त्या दिवशी रीत म्हणून बघितला नव्हता.

"आत्या, थांबा! खाऊ नका!"

आत्यांचा घास केव्हाच तोंडात गेला होता. त्या सावकाश चावत होत्या. "बस खाली. नैवेद्य टाकत न्हाईत."

"अहो, कडू आहे हा!"

"मग मला जीभ न्हाई व्हय?"

"पण मग ह्या दोघांनी..."

"दोन-दोनदा घेतला," आत्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून गदागदा हसत राहिल्या. "कारलं नगं म्हटलं मी, आन् माझ्या गौरीनं काय खाल्लं बघ!"

मला मात्र हसू येईना. ह्यांनी एक शब्द उच्चारला असता, नुसतं 'कडू' म्हणाले असते, तर भाज्या पंधरा आणि शेड ह्यांची. लग्नाआधीपासूनची ती गाडी दिवाळीला दारात आली असती. मीठ कमी-जास्त सांगायला कधी न चुकणारा हा माणूस बापाचा चेहरा बघून 'छान झालाय' म्हणाला होता, आणि वर दुसऱ्यांदा खाल्ला होता. लोक मूग गिळून बसतात, आमच्या घरात दोडका गिळून बसले होते.

दुपारी दोघांनाही मळमळलं. हे भिंतीआड जाऊन मोकळे होऊन आले, मामंजी मोरीत. विचारलं तर हे म्हणाले, "पुरणपोळी जास्त झाली." मामंजी म्हणाले, "दूध जड गेलं."

संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या आणि परसातून खणखण आवाज आला. जाऊन बघते तर मामंजी फावडं घेऊन मिरचीच्या वाफ्यात उभे. चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखलेला.

हे माझ्यामागून धावत आले. "अण्णा! काय चाललंय?"

"खांबाचे खड्डे. दिवाळीला गाडी येतेय ना?"

"कुठली गाडी? सोळा भरल्या. ठरलं ते ठरलं."

"सोळावी धरू नको."

"का?"

मामंजी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "टेलची होती ती."

"टेलची असली म्हणून काय झालं? आईनं मोजली."

"मी म्हणतो धरू नको. उभ्या नोकरीत चुकीचं माप लिहिलं नाही मी, संपत. आता ह्या वयात लिहायचं नाही."

"चुकीचं काय होतं त्यात? सांगा ना मला, काय चुकीचं होतं?"

मामंजी सांगेनात. कडू म्हणावं तर जेवताना खोटं बोलल्याचं कबूल करावं लागत होतं, आणि लेकानंही खोटं बोलून आपल्याला जमीन दिली हे तोंडावर म्हणावं लागत होतं. आणि हे तरी कसे म्हणणार? ह्यांनी फावड्याचं टोक धरलं. मामंजी सोडेनात. कालपर्यंत ज्या जमिनीसाठी दोघं भांडत होते, तीच आता दोघं एकमेकांच्या गळ्यात घालायला भांडत होते. "तुझी शेड होऊ दे." "तुमची बाग राहू दे." "मी म्हणतो शेड!" "मी म्हणतो बाग!" मिरचीची रोपं मात्र पायाखाली चालली होती.

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून सोळा भाज्या रांधून माझा पिट्ट्या पडलेला, त्यात हे नाटक. मी ओरडले, "कडू होता! कडूजहर होता तो दोडका! मी खाल्लाय, आत्यांनी खाल्लाय, आणि तुम्ही दोघांनी दोन-दोनदा खाल्लाय! बोला की आता, कडू होता म्हणून!"

दोघं गर्रकन माझ्याकडं वळले आणि एका आवाजात म्हणाले, "नाही गं! छान झाला होता."

मग एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही माना खाली घातल्या. शेवटी ह्यांनी मामंजींच्या हातातलं फावडं हळूच काढून घेतलं आणि मोडलेल्या मिरचीच्या रोपाला माती लावायला खाली बसले. मामंजींनी नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, "उभी काय राहिलीस? नळ सोड. मिरचीची पाळी आहे."

गौरी गेल्या आणि त्याच रात्री पाऊस आला, मागची सगळी उधारी एकदम चुकवावी तसा. ओट्यावर झड आली. सिमेंटची पोती कुणी आत घेतली नाहीत. मामंजी म्हणाले, "त्याची वस्तू आहे, त्यानं बघावी." हे म्हणाले, "आता लागणार कुठं आहेत?" चार दिवसांत पोत्यांचे दगड झाले. फेकायला माणूस बघितला तर म्हणाला, फोडल्याशिवाय हलणार नाहीत. मग ह्यांनीच एकेक ढकलत मागं नेली आणि वाफ्यांच्या कडेला ओळीनं बसवली. पुढं कितीतरी वर्षं मामंजी सकाळी त्या पोत्यावर बसून शिट्टी वाजवत होते. म्हणजे सिमेंट शेवटी परसात गेलंच.

मामंजी गेले, मागोमाग आत्याही गेल्या. गाडी पुढं यथावकाश आली. ती आजही रस्त्यावर गुलमोहराखाली उभी असते आणि पाखरं तिच्यावर आपापली कामं उरकतात. हे दुकान बंद करून घरी बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे धूत होते, आणि परसातून शिट्टी आली.

"बंद! वांग्यांची पाळी संपली."

तीच शिट्टी. खुंटीवरून काढून गळ्यात घातलेली. सिमेंटच्या पोत्यावर बसून हुकूम सुरू झाले, ते अजून चालू आहेत. परवा मी म्हटलं, "अहो, गौरी तोंडावर आल्यात. त्या शेवटच्या वाफ्याला जरा पाणी जाऊ द्या. दोडका लावलाय तिथं."

"टेलला पाणी पोचत नाही."

"आणि कडू निघाला म्हणजे?"

हे घड्याळ बघत होते. मान वर न करता म्हणाले, "निघाला तर निघाला. घरचा आहे."